एका नावावर दोन समुदायांचा दावा: डॉटनंतरच्या नावांचा निवाडा कसा होतो?

अक्षरवाट
शेजारच्या धाग्यावर ‘.मराठी’ घ्यायलाच हवं यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि ते कोणी घ्यायचं यावर तीन तट पडलेत. साहित्य संस्था, सरकार की परदेशातली मंडळं. ते भांडण तिथेच चालू द्या. असे दावे समोरासमोर आले की आयकॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेत, प्रत्यक्षात काय होतं, ते इथे बोलू. (मराठी-कोकणीची नावं सोडली तर या धाग्यातली जवळपास सगळी टीएलडी, म्हणजे पत्त्यातली शेवटच्या डॉटनंतरची नावं, मुळात रोमन लिपीतली आहेत, वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

ढोबळ चित्र असं. नवी टीएलडी मागायच्या २०१२ च्या फेरीत १,९३० अर्ज आले, प्रत्येकी १,८५,००० डॉलर भरून. यंदा शुल्क २,२७,००० डॉलर आहे, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास, आणि अर्जाची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६. अर्ज नोंदणीकृत संस्थेलाच करता येतो, एकट्या माणसाला नाही.

त्या १,९३० पैकी ८४ अर्ज ‘आम्ही अमुक समुदायासाठी हे नाव मागतोय’ असं सांगून आले होते. एका नावाला एकाहून जास्त अर्ज आले की ते सगळे एका कंटेन्शन सेटमध्ये जातात. तिथून सुटायच्या वाटा तीन होत्या: आपसात मिटवा, समुदाय म्हणून अग्रक्रम मिळवा, नाहीतर लिलावाला उभे राहा. मधल्या वाटेचं नाव कम्युनिटी प्रायॉरिटी इव्हॅल्युएशन, बोलताना सगळे सीपीई म्हणतात.

एक गोष्ट लोक विसरतात. ‘समुदायाचा अर्ज’ ही खूण अर्ज भरतानाच करायची असते. समोर स्पर्धक दिसल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

झोनफाईल
सीपीईचे गुण मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. आयकॅनच्या अर्जदारांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे एकूण १६ गुण, उत्तीर्ण व्हायला १४. चार निकष, प्रत्येकी ४.

पहिला, समुदाय खरंच आहे का. सीमा स्पष्ट आहे का याला २, आणि विस्तार व टिकाऊपणाला २. सीमा स्पष्ट म्हणजे तीन गोष्टी: सभासदांना आपण एका समुदायाचे आहोत याची जाणीव हवी, त्या समुदायासाठीच मुख्यतः काम करणारी किमान एक संस्था हवी, आणि हे सगळं सप्टेंबर २००७ च्या आधीपासून चालू असायला हवं. ही तारीख मुद्दाम आहे. टीएलडी मिळवण्यासाठी रातोरात समुदाय उभा करू नये म्हणून.

दुसरा, नाव आणि समुदाय यांचं नातं. नाव समुदायाच्या नावाशी तंतोतंत जुळत असेल किंवा त्याचं सर्वमान्य लघुरूप असेल तर ३. समुदाय ओळखू येतो पण तंतोतंत नाही, तर २. बाकी सगळ्याला ० (इथे १ गुण नाहीच, हे लक्षात ठेवा). शिवाय त्या शब्दाला दुसरा ठळक अर्थ नसेल तर अनन्यतेचा १, पण तोही आधीच्या भागात किमान २ मिळाले असतील तरच.

तिसरा, नोंदणीचे नियम: कोण घेऊ शकतो, कोणती नावं चालतील, मजकूर कसा हवा, आणि नियम मोडला तर काय. प्रत्येकी १. हे सगळ्यात सोपे गुण, तरीही जातात. चौथ्या मुद्द्यात दंड लिहितात, तपासणी कशी करणार ते लिहितात आणि नाव काढून घेतलेल्याला दाद कुठे मागायची तेच लिहायचं राहतं.

चौथा, पाठिंबा २ आणि विरोध २. विरोध अजिबात नसेल तर २, दखल घेण्याजोग्या आकाराच्या एका गटाचा असेल तर १, दोन किंवा जास्त गटांचा असेल तर ०.

हे २०१२ चं. यंदा अर्ज करणाऱ्यांनी नव्या मार्गदर्शिकेतला तक्ताच समोर ठेवावा. जुने आकडे मुद्दा समजायला चांगले, भरायला नाहीत.

शंकासूर
१६ पैकी १४? म्हणजे तीन गुण गेले की खेळ खलास. दहावीला पस्तीस टक्क्यांत सुटतो माणूस. इतकी कडक परीक्षा कशाला?

अक्षरवाट
कारण बक्षीस तसं आहे. सीपीई जिंकणारा बाकीच्या सगळ्यांना एका फटक्यात बाहेर काढतो. त्यांनीही १,८५,००० डॉलर भरलेले असतात, त्यांचाही अर्ज नियमात बसलेला असतो. आणि लिलावात नाव कितीला जातं ते बघा: .शॉप ४ कोटी १५ लाख डॉलरला, .वेब साडेतेरा कोटी डॉलरला. एवढ्या किमतीची वस्तू ‘आम्ही समुदाय आहोत’ एवढ्यावर मिळत असेल तर उद्या दुकानदारांचा समुदाय, वेबसाइटवाल्यांचा समुदाय, सगळे उभे राहतील. ही भीती मार्गदर्शिकेत उघड लिहिलेली आहे.

पण मला स्वतःला ती पट्टी जरा जास्तच वर ठेवलेली वाटते. .हॉटेल, .रेडिओ, .इको, .स्पा, .ओसाका ही उत्तीर्ण झालेली ठळक नावं. यादी याहून फार लांब जात नाही.

झोनफाईल
नापास झालेल्यांचे निकाल वाचणं जास्त उपयोगाचं. गुणवाटप करणारं मंडळ इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटचं होतं आणि प्रत्येक निकालाचं कारणासकट पत्रक निघालेलं आहे. दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, .गे आणि .म्यूझिक. दोघांनाही १०. पण उलट्या कारणांनी.

.गे ला चार अर्ज होते. समुदायाच्या अर्जदारानं व्याख्या उदार मनानं केली: समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर, इंटरसेक्स, शिवाय त्यांना साथ देणारे इतर. समुदाय आहे, संघटित आहे, जुना आहे, हे मंडळानं मान्य केलं: पहिल्या निकषात ४ पैकी ४. मग दुसरा निकष आला. ‘गे’ हा शब्द ट्रान्सजेंडर आणि साथीदारांना ओळखतो का? मंडळ म्हणालं, नाही. ४ पैकी ०. इथेच अर्ज संपला, कारण ० नंतर बाकी सगळं पूर्ण मिळालं तरी १२ च होतात. ऑक्टोबर २०१४ चा हा निकाल फेरतपासणीला गेला, ऑक्टोबर २०१५ ला दुसऱ्यांदा गुण दिले गेले, पुन्हा १०. शेवटी ते नाव समुदायाच्या अर्जदाराला मिळालंच नाही.

.म्यूझिक ला आठ अर्ज. तिथे नाव बऱ्यापैकी जुळलं, नियमांना ४ पैकी ४, पाठिंब्याची पत्रं ढिगानं. पण व्याख्या अशी होती की संगीताशी संबंधित असलेल्या सगळ्या समुदायांची युती. गायक, वादक, कंपन्या, शिक्षक, हक्क गोळा करणाऱ्या संस्था. मंडळानं विचारलं, या सगळ्यांना आपण एक आहोत असं वाटतं का, आणि या सगळ्यांसाठीच काम करणारी एखादी संस्था आहे का? पहिल्या निकषात ४ पैकी ०. फेब्रुवारी २०१६. पुढे २०१९ मध्ये नाव त्याच अर्जदाराकडे आलं, पण सीपीई जिंकून नव्हे, बाकीच्यांशी मिटवून.

म्हणजे पेच असा: व्याख्या रुंद केली की नावाशी नातं तुटतं किंवा एकसंधपणा जातो. अरुंद केली की नाव समुदायापेक्षा मोठं ठरतं.

शंकासूर
नाव मोठं ठरतं म्हणजे?

झोनफाईल
मार्गदर्शिकेतच उदाहरण आहे: एखादा स्थानिक टेनिस क्लब कितीही जगप्रसिद्ध असला तरी त्यानं .टेनिस मागितलं तर नाव फार व्यापक होतं, २ सुद्धा मिळणार नाहीत. हे वाचूनही टेनिस ऑस्ट्रेलियानं .टेनिस साठी समुदायाचा अर्ज केला आणि नापास झाले. पेपरात सोडवलेलं गणित दिलेलं असताना तेच चुकवावं तसं.

याउलट .हॉटेल ला १५ गुण. त्यांनी ‘हॉस्पिटॅलिटी उद्योग’ अशी ढगळ व्याख्या केली नाही. हॉटेल म्हणजे काय याची आयएसओ १८५१३ या मानकातली व्याख्या उचलली: राहायची सोय, सेवा, बहुतेक ठिकाणी जेवण. त्यात बसतात ते सभासद. नाव तेच, व्याख्या तीच, हॉटेल संघटना कित्येक दशकं जुन्या. त्या अर्जाची खरी मेहनत त्या एका वाक्यात आहे.

रावसाहेब_नोटरी
सीपीईवरच सगळे घसरलात. सीपीई समुदायाच्या अर्जदारासाठी आहे. तुमच्या समुदायाकडे अर्ज करायला पैसेच नसतील आणि कुणी कंपनी तुमचं नाव न्यायला बसली असेल, तर हत्यार वेगळं: कम्युनिटी ऑब्जेक्शन.

२०१२ च्या फेरीत हे हरकतीचे खटले पॅरिसच्या आयसीसीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाकडे, गेले. दाखल करायचं शुल्क ५,००० युरो, परत न मिळणारं. पुढे तज्ज्ञाचं मानधन दोन्ही बाजूंनी आगाऊ भरायचं आणि जिंकणाऱ्याला ते परत. हरलात तर तुमचं बुडालं. म्हणून ‘टाकून तर बघू’ म्हणत हरकत टाकू नये.

चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, चारही: (१) समुदायाची सीमा स्पष्ट आहे, (२) समुदायात अर्जाला मोठा विरोध आहे, (३) त्या नावाचा आणि समुदायाचा घट्ट संबंध आहे, (४) अर्ज मंजूर झाला तर समुदायाचं ठोस नुकसान होण्याची शक्यता आहे. शिवाय हरकत घेणारी संस्था प्रस्थापित असावी लागते आणि समुदायाशी तिचं चालू नातं असावं लागतं.

बहुतेक हरकती चौथ्या मुद्द्यावर पडतात. ‘आमच्या भावना दुखावतील’, ‘नावावर आमचा हक्क आहे’, ‘आम्हाला मिळालं असतं तर बरं झालं असतं’ यातलं काहीही नुकसान धरलं जात नाही. अर्जदार नाव कसं वापरणार आहे आणि त्यातून नेमकं काय बिघडेल, हे दाखवावं लागतं.

.चॅरिटी चे दोन निकाल नमुन्यादाखल वाचा. त्या नावाचे दोन वेगळे अर्जदार, दोघांवरही इंडिपेंडंट ऑब्जेक्टरची (लोकहितासाठी हरकत घ्यायला आयकॅननंच नेमलेला स्वतंत्र माणूस) हरकत, तज्ज्ञ एकच. एका अर्जदारानं नोंदणी धर्मादाय संस्थांपुरती मर्यादित ठेवायची तयारी दाखवली होती, त्याच्यावरची हरकत फेटाळली. दुसऱ्यानं कुणालाही नाव द्यायचं ठेवलं होतं, त्याच्यावरची मान्य झाली. समुदाय तोच, शब्द तोच, फरक फक्त नोंदणीच्या नियमाचा.

अक्षरवाट
आणि त्या दुसऱ्यानं पुढे आयआरपीत दाद मागितली आणि २०१६ मध्ये जिंकलाही. एवढं सांगायला हवं, नाहीतर वाचणारा .चॅरिटी चा निकाल शेवटचा धरून चालेल.

रावसाहेब_नोटरी
बरोबर, ते राहिलं. आयआरपी म्हणजे आयकॅनच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र लवाद. पण तिथे ‘आमचा समुदाय खरा आहे’ हे ठरत नाही. आयकॅननं स्वतःचे नियम आणि उपविधी पाळले की नाही एवढंच ठरतं. .आयएनसी, .एलएलसी, .एलएलपी मागणाऱ्या अर्जदाराला सीपीईत प्रत्येकी ५ गुण मिळाले होते. तो आयआरपीत गेला, जुलै २०१६ मध्ये जिंकला. लवादानं म्हटलं की आयकॅनच्या समितीनं फेरविचार करताना जी तपासणी करायला हवी होती ती केलीच नाही. मग आयकॅननं बाहेरच्या सल्लागाराकडून सगळ्या सीपीईची छाननी करवून घेतली. डिसेंबर २०१७ चा अहवाल म्हणाला, निकष सगळीकडे सारखेच लावले होते. .आयएनसी शेवटी दुसऱ्याच कंपनीकडे गेलं. आयआरपी जिंकणं आणि नाव मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मांडवीकाठ
सरकारांचा रस्ता कुणी काढलाच नाही. आयकॅनमध्ये सरकारांची सल्लागार समिती आहे, गॅक. २० नोव्हेंबर २०१२ ला गॅकच्या सदस्यांनी २४२ अर्ली वॉर्निंग, म्हणजे अर्जदारांना आगाऊ इशारे, दिल्या होत्या. आपल्या सरकारचा आक्षेप .इंडियन्स आणि .राम या दोन नावांवर होता. पहिलं रिलायन्सनं मागितलेलं, दुसरं क्रायस्लरनं, त्यांच्या रॅम गाड्यांसाठी. रोमन लिपीत राम आणि रॅम एकच ना! गॅकच्या जुलै २०१३ च्या डर्बन निवेदनात भारताची ही चिंता नोंदली गेली. दोन्ही नावं आज रूट झोनमध्ये, म्हणजे चालू टीएलडींच्या मूळ यादीत, नाहीत.

.अमेझॉन चं प्रकरण याच वाटेनं सर्वांत लांबलं. ब्राझील आणि पेरूचा विरोध, २०१३ मध्ये गॅकचा सल्ला, २०१४ मध्ये अर्ज नामंजूर, २०१७ मध्ये कंपनी आयआरपीत जिंकली, २०१९ मध्ये पुढची वाट मोकळी. गंमत म्हणजे त्याच नावावरची कम्युनिटी ऑब्जेक्शन आधीच फेटाळली गेली होती. समुदाय म्हणून जे जमलं नाही ते सरकारांनी काही वर्षं तरी अडवून धरलं.

भूगोलाची नावं तर अजून वेगळी. आयएसओ ३१६६-२ यादीत असलेल्या राज्या-प्रांताचं नाव हवं असेल तर त्या सरकारचं पाठिंब्याचं किंवा ना-हरकत पत्र लागतंच. .गोवा किंवा .महाराष्ट्र मागायला गेलात तर राज्य सरकारच्या पत्राशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही, समुदाय कितीही मोठा असो. आणि हे आपल्यालाच लागू आहे असं नाही. मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत आहे, त्यामुळे टाटा समूहाचं .टाटा मोरोक्कोच्या ना-हरकतीसाठी अडकलं होतं. आता ते रूटमध्ये आहे.

मुंबई मात्र या सक्तीत येत नाही. देशाची राजधानी नसलेल्या शहराचं नाव शहरासाठीच वापरणार असाल तर पत्र लागतं. त्याच अक्षरांचा ब्रँड असेल तर नियम वेगळा.

शंकासूर
मांडवीकाठ, मग कोकणीचं काय? तिथे तर लिपीपासूनच दोन पक्ष.

मांडवीकाठ
तिथे गंमत अक्षरांपासून सुरू होते. देवनागरीत लिहिलेलं आणि रोमीत (रोमन लिपीत) लिहिलेलं ही दोन वेगळी नावं, आयकॅनच्या दृष्टीनं एकमेकांशी संबंध नाही. एका पक्षानं देवनागरी आणि दुसऱ्यानं रोमी मागितलं तर संघर्ष उद्भवतच नाही, दोघांनाही मिळू शकतं. उलट देवनागरीतच एकानं ‘कोंकणी’ आणि दुसऱ्यानं ‘कोकणी’ मागितलं, तर एका अनुस्वाराचा फरक. नावं दिसायला फसवी सारखी आहेत का हे तपासणारं वेगळं मंडळ असतं, आणि सारखी ठरली तर वेगळी अक्षरं असूनही एकाच सेटमध्ये टाकतात. २०१२ मध्ये .हॉटेल्स आणि पोर्तुगीज .ओतेइस असेच एकत्र बांधले गेले होते. रोमन लिपीत एकाच्या मधल्या एल् च्या जागी दुसऱ्यात आय्, बाकी तेच. बुकिंग डॉट कॉम त्यावर आयआरपीत गेली आणि हरली.

पण .कोंकणी साठी समुदायाचा अर्ज कुणी केला आणि रोमीवाल्या दोन मोठ्या संस्थांनी विरोधाची पत्रं दिली, तर चौथ्या निकषात विरोधाचे २ पैकी ०. म्हणजे बाकी सगळं पूर्ण मिळालं तरच १४. म्हणून अर्जाच्या आधी बसून बोलणं हा सौजन्याचा भाग नाही, त्यावर दोन गुण आहेत.

झोनफाईल
अक्षरांचं निघालंच आहे तर. रूटमधल्या देवनागरी नावात झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे ही न दिसणारी जोडचिन्हं चालत नाहीत. आपला ‘र्‍य’ (दर्‍या, सुर्‍या) अनेक कीबोर्डवर र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असा उमटतो. तो तसाच अर्जात चिकटवला तर नाव तांत्रिक तपासणीतच पडेल. ‘मराठी’ला हा त्रास नाही, साधी सरळ अक्षरं आहेत. आणि .भारत ची उपमा इथे देऊ नका. ते देशाचं टीएलडी, .इन सांभाळणाऱ्या निक्सीकडे, २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत सुरू. त्याचा आणि या फेरीचा काही संबंध नाही.

अक्षरवाट
आता मूळ मुद्द्यावर. समजा .मराठी ला तीन अर्ज आले: एक कंपनी, एक साहित्य संस्थांची फळी, एक परदेशातल्या मंडळांची. वरच्या निकषांवर घासून बघू.

नात्याचे गुण सोपे. ‘मराठी’ म्हणजे मराठी भाषिक, नाव तंतोतंत, दुसरा ठळक अर्थ नाही. विस्तार सोपा. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख मातृभाषिक, आणि भाषेचं वय सांगायची गरजच नाही. (अभिजात दर्जा अर्जाच्या पहिल्या पानावर छापायचा मोह होईल. त्याला गुण नाहीत.)

अवघड आहे ते ‘मुख्यतः त्या समुदायासाठी काम करणारी संस्था’. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची, महामंडळ १९६१ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. २००७ ची अट सगळेच हसत पार करतात. पण मंडळ विचारेल: या संस्था साहित्यासाठी आहेत, की मराठी बोलणाऱ्या प्रत्येकासाठी? बेळगावचा दुकानदार, बडोद्याची शिक्षिका, मॉरिशसचा मराठी माणूस यांच्यासाठी मुख्यतः कोण काम करतं? .म्यूझिक इथेच बुडालं होतं.

रावसाहेब_नोटरी
आणि पाठिंब्याच्या २ गुणांची अट वाचा. समुदायाच्या अनेक संस्था असतील तर पाठिंबा देणाऱ्या संस्था मिळून एकूण समुदायाच्या बहुमताचं प्रतिनिधित्व करायला हव्यात. व्याख्या ‘जगभरातले सगळे मराठी भाषिक’ अशी केलीत की बहुमत त्या आठ कोटींवर मोजलं जाणार. एकाच शहरातल्या चाळीस संस्थांची पत्रं आणून ते होत नाही.

झोनफाईल
म्हणूनच युरोपातल्या भाषांचे अर्ज मिळवून वाचा. .कॅट कॅटलानसाठी, २००५ मध्ये मंजूर झालेलं, तेव्हाची पद्धत वेगळी होती. पण २०१२ मध्ये बास्कसाठी .ईयूएस, गॅलिशियनसाठी .गॅल, ब्रेटनसाठी .बीझेडएच हे समुदायाचे म्हणूनच आले. त्यांची व्याख्या वंशावर नाही, भाषा आणि संस्कृतीवर आहे, आणि कोण पात्र याची कसोटी कृतीची: त्या भाषेत मजकूर आहे का, त्या संस्कृतीसाठी काम करता का. त्यामुळे नोंदणीचे नियम तपासता येतात. ‘मराठी माणूस’ अशी पात्रता लिहिलीत तर ती तपासणार कशी? आडनावावरून?

सानहोजेकर
एक भर. त्या भाषांना स्पर्धकच नव्हता, म्हणून त्यांची सीपीई झालीच नाही. समुदायाचा अर्ज करण्याचा त्यांचा फायदा गुणांत नव्हता, नियम स्वतःवर बांधून घेण्यात होता. समुदायाच्या अर्जदाराचे नोंदणीचे नियम रजिस्ट्री कराराच्या (टीएलडी चालवणाऱ्याचा आयकॅनशी करार) बाराव्या परिशिष्टात जातात. पुढे धंदा मंदावला म्हणून ‘आता कुणालाही विकू’ म्हणता येत नाही, समुदायातली नुकसान झालेली संस्था आरआरडीआरपी नावाच्या प्रक्रियेत तक्रार करू शकते. कंपनीच्या साध्या अर्जावर हे बंधन नसतं. .मराठी कंपनीकडे गेलं तर ती त्याखालचं नाव जुगाराच्या साइटलाही विकू शकते, नियमात बसूनच.

पैशांबद्दलही. २०१२ ला गरीब अर्जदारांसाठी सवलत होती, ४७,००० डॉलर. तिघांनी मागितली, एकालाच मिळाली, मुलांसाठीच्या .किड्स वाल्या संस्थेला. त्यांचीही सीपीई नापास झाली, पण नंतर नाव त्यांच्याकडेच आलं. यंदा सवलत ७५ ते ८५ टक्के आहे, पण त्याची मुदत मुख्य अर्जांच्या आधीच संपली. आता सुरू करणाऱ्यानं पूर्ण शुल्क धरूनच हिशोब मांडावा, आणि रजिस्ट्रीची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीचा वार्षिक खर्च त्यावर.

शंकासूर
मग तीन अर्ज आलेच, तर ते तिघं बसून मिटवू शकत नाहीत का? एकानं माघार घ्यायची, दुसऱ्यानं त्याचा खर्च भरून द्यायचा.

अक्षरवाट
२०१२ ला चालायचं. खासगी लिलाव व्हायचे आणि हरणारे पैसे वाटून घ्यायचे. काहींचा तर तोच धंदा झाला होता, हरण्यासाठी अर्ज. यंदा ते बंद आहे. अर्ज जाहीर झाल्यावर आपसात पैशांची देवघेव करून सेट सोडवता येत नाही.

त्याऐवजी अर्जासोबतच पर्यायी नाव देता येतं. कोणी काय मागितलं हे जाहीर झालं की स्पर्धा टाळायची असेल तर ठरलेल्या मुदतीत त्या पर्यायी नावावर सरकता येतं. पण समुदायाच्या अर्जदारानं पर्यायही समुदायाचंच नाव ठेवावं. .मराठी चा पर्याय म्हणून .माझीमराठी दिलंत तर ‘तंतोतंत जुळतं’ हे वाक्य पुन्हा लिहिता येणार नाही.

रावसाहेब_नोटरी
म्हणून बोलणी मुदतीच्या आधी, १२ ऑगस्टच्या अलीकडे. तीन फळ्यांनी मिळून एकच संस्था नोंदवायची आणि तिनं अर्ज करायचा, यात काही बेकायदा नाही. घटनेत सभासद संस्था कोण, मतं कशी, एकजण बाहेर पडला तर काय, हे आधी लिहा. अर्ज गेल्यावर मालकी किंवा नियंत्रण बदललं तर आयकॅनला कळवावं लागतं आणि पुन्हा तपासणी होऊ शकते.

शंकासूर
शेवटचं. संस्थांकडून पत्रं घ्यायची तर मजकूर काय हवा? नमुना पत्र करून सगळ्यांना सही करायला पाठवलं तर?

झोनफाईल
तेच करू नका. चाळीस पत्रांत एकच परिच्छेद दिसला की मंडळाला ती एक सही चाळीसदा केल्यासारखी वाटते. पत्रात हवं ते असं: संस्था कधी स्थापन झाली, सभासद किती आणि कुठले, हा ठराव कोणत्या बैठकीत कसा झाला, अर्जदार कोण आणि कोणतं नाव मागतोय हे कळलंय याचा स्पष्ट उल्लेख, आणि पाठिंबा का. ‘मराठीच्या विकासाला शुभेच्छा’ म्हणजे पाठिंबा नव्हे. लेटरहेड, तारीख, सही करणाऱ्याचं पद, चालू असलेला ईमेल.

ईमेलवर जोर देतोय. पत्र खरं आहे का हे मंडळ पाठवणाऱ्याला विचारून घेतं. आपल्या संस्थांचे ईमेल बऱ्याचदा मागच्या कार्यवाहांच्या खासगी खात्यावर असतात, निवडणूक झाली की चावी त्यांच्याकडेच. विचारणा येते आणि कुणी उघडत नाही. पत्र गोळा करतानाच त्या पत्त्यावर एक मेल टाकून उत्तर येतंय का ते बघा. मराठी पत्राला इंग्रजी भाषांतर जोडा, मूळ ठराव मराठीतच राहू दे.